उड्डियान जमेना, उज्जायीने घसा दुखतो

लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांच्या योगाभ्यासाबद्दल बडोद्याच्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच अडचणीबद्दल अनेकांनी लिहिले असेल तिथे एकच पत्र घेतले आहे. उड्डियानाचे, म्हणजे श्वास सोडून पोट आत जाऊ देण्याच्या बंधाचे, उत्तर मुद्दाम लांबवले आहे, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात.

कुवलयानंद म्हणजे लोणावळ्याचे, असेच ऐकत आलो. बडोद्याशी त्यांचा खरोखर किती संबंध? की आपण बडोदेकर उगीच त्यांना आपले म्हणतो?
— एक वाचक, रावपुरा

उगीच नाही. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, डभोईचा. डभोई आपल्यापासून तीसेक किलोमीटरवर आणि तेव्हा गायकवाडी मुलखात. घरचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. १९०३ साली मॅट्रिक झाले, संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली आणि पुढे बडोदा कॉलेजात शिकले. त्या काळी अरविंद घोष याच कॉलेजात शिकवत होते. राष्ट्रकार्याची ओढ गुण्यांना लागली ती त्या वातावरणात.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने कॉलेजाहून मोलाची जागा दुसरी आहे, ती म्हणजे दांडिया बाजारातली जुम्मादादा व्यायामशाळा. १९०७ ते १९१० ही तीन वर्षे गुणे तिथे राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले. देशी व्यायामाची शिस्त, शरीर कसे वाचायचे याची नजर आणि शिकवण्याची पद्धत त्यांना तिथे मिळाली. पुढे ते अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत गेले. योग तोवर त्यांच्या हाती आलेला नव्हता. तो आला १९१९ साली, मालसरला. शिनोर तालुक्यातले, नर्मदाकाठचे हे गाव. मूळचे बंगालचे परमहंस माधवदासजी तिथे स्थिरावले होते. त्यांच्याकडे गुण्यांनी क्रिया, बंध आणि प्राणायाम शिकून घेतले. १९२१ साली माधवदासजींनी देह ठेवला, म्हणजे सहवास जेमतेम दोन वर्षांचा.

तेवढ्यातच आपल्या शहराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट घडली. गुरूंनी शिकवले ते मान्य, पण ते शरीरात नेमके करते काय, हे पाहायचे म्हणून गुण्यांनी १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या इस्पितळात आपल्या विद्यार्थ्यांवर उड्डियान आणि नौली (उड्डियानात पोटाचे मधले स्नायू वेगळे उभे करण्याची क्रिया) यांचे प्रयोग केले. योगक्रियांना असे प्रयोगशाळेत नेणाऱ्या अगदी पहिल्या माणसांपैकी ते एक. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम काढले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे संशोधनाचे त्रैमासिक सुरू केले. १८ एप्रिल १९६६ रोजी ते गेले. संस्था लोणावळ्याची खरी, पण तिचे बी मालसरचे आणि पहिला वाफा बडोद्याचा.

सहा महिने उड्डियान करतो आहे. श्वास सोडून पोट जोर लावून आत ओढतो, पण खळगा काही पडत नाही. उलट पोट कडक होते आणि सोडताना ठसका लागतो. वय ४८, पोट थोडे सुटलेले आहे.
— एक वाचक, कारेलीबाग

तुमच्या पत्रातच उत्तर आहे: ‘जोर लावून आत ओढतो’. उड्डियानात पोट ओढायचे नसतेच. ते आपोआप आत जाते. तुम्ही पोटाचे स्नायू आवळता, म्हणून ते कडक होते, आणि कडक पोट आत जाऊ शकत नाही.

आधी यामागची क्रिया समजून घ्या, म्हणजे हात आपोआप योग्य जागी लागेल. श्वास पूर्ण सोडला, घसा आतून बंद केला आणि मग श्वास घेतल्यासारख्या बरगड्या वर-बाहेर फुलवल्या, तर छातीची पोकळी मोठी होते, पण हवा आत येत नाही. त्यामुळे छातीतला दाब उतरतो आणि छाती व पोट यांच्यामधला पडदा, म्हणजे श्वासपटल, वर खेचला जातो. त्याच्यामागून पोटातले अवयव वर सरकतात. पोटातला दाबही बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि बाहेरची हवा सैल पडलेली पोटाची भिंत आत दाबते. खळगा पडतो तो असा. म्हणजे काम बरगड्यांचे, आणि पोटाने फक्त वाटेतून बाजूला व्हायचे.

आता कृती. शौचाला जाऊन आल्यावर, रिकाम्या पोटी, पावलांत दीड फूट अंतर ठेवून उभे राहा. गुडघे किंचित वाकवा, कमरेतून पुढे झुका आणि तळवे गुडघ्यांच्या जरा वर मांड्यांवर टेका. बोटे आतल्या बाजूला वळलेली बरी. आता नाकातोंडाने श्वास सोडा. नेहमीचा श्वास संपला की थांबू नका, पोट आवळून उरलासुरला वाराही बाहेर काढा. एवढ्यापुरतेच पोट आवळायचे. मग घसा बंद करा. थुंकी गिळताना ज्या जागी क्षणभर बंद होते, तीच ती जागा. हनुवटी थोडी खाली घ्या. आता पोट पूर्ण सैल सोडा, हातांनी मांड्या दाबा, मान-खांदे स्थिर करा आणि श्वास न घेता श्वास घेतल्याचा आव आणा. बरगड्या वर उचला. खळगा बरगड्यांच्या खालच्या कडेपाशी आधी पडतो, मग बेंबीकडे पसरतो.

हा ‘खोटा श्वास’ पुष्कळांना कळत नाही. तो वेगळा शिका: खुर्चीवर बसा, श्वास पूर्ण सोडा, तोंड मिटा, दोन बोटांनी नाक घट्ट धरा आणि आता श्वास घ्यायचा प्रयत्न करा. छाती फुलू पाहते, गळ्याच्या खाली खड्डा पडतो, पोट आत जाते. हेच उड्डियान. तीन-चार दिवस असे केल्यावर बोटांचे काम घशाला करता येते.

ठसका का लागतो? बरगड्या वर असतानाच तुम्ही घसा उघडता. आत निर्वात असल्याने हवा एकदम आपटते आणि घशाला फटका बसतो. सोडण्याचा क्रम कायम असा ठेवा: आधी बरगड्या हळूहळू खाली आणा, पोट आपल्या जागी येऊ द्या, मग घसा उघडा आणि संथपणे श्वास घ्या. श्वास घेताना ‘हुप्प’ असा आवाज आला, तर क्रम चुकला किंवा फार वेळ धरून ठेवले. सुरुवातीला पाच सेकंद भरपूर झाले. कासावीस होण्याआधीच सोडायचे, हा नियम मोडू नका.

पहिल्या आठवड्यात तीन वेळा, प्रत्येक वेळेनंतर दोन-तीन साधे श्वास. पुढे दर आठवड्याला एक वाढवत सातपर्यंत न्या. सातावर आणखी वाढवून फारसे काही मिळत नाही. सुटलेल्या पोटाचे म्हणाल, तर चरबीमुळे खळगा कमी दिसतो, क्रिया मात्र तीच घडते. आरशात पाहण्यापेक्षा बरगडीच्या खालच्या कडेखाली बोटे घालून पाहा. कडा बोटांवरून वर सरकली आणि बोटे आत बुडाली, की जमले.

एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. रक्तदाब जास्त असणाऱ्यांनी, हृदयविकार, हर्निया, जठरातला किंवा आतड्यातला व्रण, काचबिंदू असणाऱ्यांनी आणि पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी हे करू नये. गरोदरपणात आणि पाळीच्या दिवसांतही करू नये. तुम्ही ४८ वर्षांचे आहात, तर सुरू ठेवण्याआधी एकदा रक्तदाब मोजून घ्या.

उड्डियान चांगले जमते. नौलीत मात्र सगळेच पोट बाहेर येते, मधला दांडा वेगळा उभा राहत नाही.
— एक वाचक, वाडी

सगळे पोट बाहेर आले याचा अर्थ बरगड्या खाली आल्या आणि उड्डियानच सुटले. नौली उड्डियानाच्या पोटातच करायची असते. खळगा तसाच ठेवून, दोन्ही हातांनी मांड्यांवर सारखा दाब द्या आणि ओटीपोटापासून पोटाचा मधला भाग पुढे-खाली ढकला. बरगड्यांपासून ओटीपोटाच्या खालच्या हाडापर्यंत शेजारी शेजारी दोन सरळ स्नायू उतरतात. तेवढेच आवळले जातात आणि कडेचे स्नायू सैल राहून आत बसलेले राहतात. सुरुवातीला फक्त खालची चार बोटे जागा उठते, वर काही नाही. चालेल, तिथूनच दांडा वर चढतो.

हाताचा दाब इथे किल्ली आहे. दोन्ही हात सारखे दाबले तर मध्यम नौली. डाव्या हातावर भार देऊन किंचित डावीकडे झुकले आणि उजवा हात सैल ठेवला, तर डावा स्नायू एकटा उभा राहतो. उजवीकडचे याच्या उलट. मध्यम नौली दहा सेकंद स्थिर राहिल्याशिवाय डावी-उजवी करू नका, आणि त्या दोन्ही स्वच्छ जमल्याशिवाय घुसळण्याच्या मागे लागू नका. नुसते पोट हलवून ‘नौलीचालन’ केल्याचे समाधान मिळते, नौली होत नाही.

कुवलयानंदांच्या संशोधनातला सर्वांत सुंदर भाग याच क्रियेचा आहे. बस्तीमध्ये योगी पाण्यात बसून गुदमार्गाने पाणी वर घेतात. हे कसे होते, याबद्दल नाना कल्पना होत्या. त्यांनी मोठ्या आतड्यातला दाब मोजला आणि दाखवले की नौलीच्या वेळी तो बाहेरच्या हवेच्या दाबाखाली जातो, म्हणून पाणी वर चढते. या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले: ‘माधवदास निर्वात’. शिष्याने गुरूला वाहिलेली याहून नेमकी दक्षिणा आम्हाला माहीत नाही. मात्र हे वाचून घरच्या टबात बस्ती करून पाहू नका. ती शिक्षकाच्या देखरेखीशिवाय करायची क्रिया नव्हे.

उज्जायी केल्यावर घसा कोरडा पडतो, कधी दुखतो. आवाज मोठा यावा असे आमच्या वर्गात सांगतात. श्वास घेताना पोट फुगवायचे की नाही, हाही गोंधळ आहे.
— एक वाचिका, अलकापुरी

उज्जायी म्हणजे घशातली फट आवळून करायचा प्राणायाम. त्यात आवाज मोठा यायची काही गरज नाही. तो तुम्हाला स्वतःला ऐकू आला आणि शेजारच्या सतरंजीवर ऐकू गेला नाही, तर माप बरोबर आहे. घशातली फट थोडीशीच आवळायची असते. ती जास्त आवळली की हवा अरुंद वाटेतून घासत जाते, घसा सुकतो, दुखतो. आवाज कुठून येतो तेही तपासा. नाकपुड्या आत ओढून ‘सूं सूं’ होत असेल, तर ती उज्जायी नव्हे. काचेवर वाफ सोडताना तोंड उघडून आपण ‘हाऽ’ करतो, तेच तोंड मिटून करून पाहा. तो घशातला मऊ, सलग आवाज धरायचा, आणि पूरकाच्या, म्हणजे श्वास आत घेण्याच्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तो एकसारखा राहिला पाहिजे. शेवटी चढला, तर तुम्ही क्षमतेपेक्षा जास्त श्वास घेत आहात.

पोटाच्या बाबतीत कुवलयानंदांचे मत स्पष्ट होते आणि आजच्या बऱ्याच वर्गांत सांगतात त्याच्या उलट होते. प्राणायामात पूरक करताना पोट ढिले सोडून फुगवू नये. पोटाची भिंत हलकी आवळून ताब्यात ठेवावी आणि छाती फुलू द्यावी. हलकी म्हणजे उड्डियानासारखी आत नेलेली नव्हे, नुसती सैल पडू न दिलेली. विश्रांतीच्या वेळी पोटाने घेतलेला श्वास चांगलाच असतो, पण तो प्राणायामाचा पूरक नव्हे. दोन्हींची सरमिसळ झाल्यामुळे तुमचा गोंधळ झाला आहे.

प्रमाण एकास दोन ठेवा. पूरक चार सेकंद, तर रेचक, म्हणजे श्वास सोडणे, आठ. घड्याळ लावायची गरज नाही, मनात अंक मोजा. रेचक संपल्यावर पुढचा श्वास घाईने, हिसक्याने घ्यावा लागत असेल, तर आठ तुम्हाला जड आहेत. तीन आणि सहावर या. सात आवर्तनांनी सुरुवात करा आणि आठवड्याला दोन-तीन वाढवा. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे, सध्या नकोच. कुंभकासोबत जालंधर, मूल आणि उड्डियान हे तिन्ही बंध यावे लागतात, आणि ते समोर बसून शिकायचे. हृदयविकार किंवा रक्तदाब असेल, तर कुंभक कायमचाच बाजूला ठेवा.

प्राणायामाने रक्तात भरपूर ऑक्सिजन जातो, म्हणून तो गुणकारी, हे खरे ना?
— एक वाचक, प्रतापनगर

नाही. निरोगी माणसाच्या धमन्यांतले रक्त साध्या श्वासावरही ऑक्सिजनने ९५ टक्क्यांच्या वर भरलेले असते. तिथे आणखी ओतायला जागा जवळजवळ नसते. कुवलयानंदांनी हे प्रत्यक्ष मोजून पाहिले आणि प्राणायामाचे फळ जास्तीच्या ऑक्सिजनमध्ये नाही असे लिहिले, तेही प्राणायामाचा प्रसार हेच आयुष्याचे काम असताना. त्यांच्या मते खरा परिणाम दाबातले चढउतार, मज्जासंस्था आणि मन यांच्यावर होतो. कपालभाती जोरात, पुष्कळ वेळ केल्यावर ओठांना-बोटांना मुंग्या येतात, तेव्हा पुष्कळजण ‘ऑक्सिजन चढला’ म्हणतात. खरे तर कर्बवायू गरजेपेक्षा जास्त बाहेर गेलेला असतो. मुंग्या आल्या की थांबायचे.

मी आखाड्यात जाणारा. जोर, बैठका, मल्लखांब रोज होतात. आसने त्याच वेळी उरकली तर चालतील का? सकाळी आधी काय करावे?
— एक तरुण वाचक, दांडिया बाजार

‘उरकली’ हा शब्दच आसनांना चालत नाही. बैठकांमध्ये स्नायू झटक्याने आखडतो आणि सुटतो, नाडी चढते, घाम येतो. आसनात स्नायू सावकाश ताणून तिथेच सोडून द्यायचा असतो, आणि श्वास बिघडता कामा नये. एकाच्या पाठोपाठ दुसरे केले, तर तापलेल्या, धडधडत्या शरीरात ताण कळत नाही आणि आसन व्यायामासारखेच होऊन जाते. दोन्हींत निदान वीस मिनिटे जाऊ द्या.

क्रम तुमच्या हेतूवर ठरतो. दिवसाची सुरुवात शांत व्हावी असे वाटत असेल, तर जोर-बैठका आधी आणि आसने, प्राणायाम शेवटी. अंग तापवून, तरतरीत होऊन कामाला लागायचे असेल, तर आसने आधी. कुस्तीच्या दिवसांत सकाळी तालीम आणि संध्याकाळी आसने, अशी फोड सर्वांत सोयीची पडते. प्रमाण कमीच ठेवा: भुजंगासन, शलभासन, पश्चिमोत्तानासन, अर्धमत्स्येंद्रासन, सर्वांगासन आणि शेवटी शवासन एवढ्यावर पंचवीस मिनिटांत पुष्कळ काम होते. बैठकांनी मांड्यांची मागची बाजू आखडलेली असते, म्हणून पश्चिमोत्तानासनात तुमची बोटे पायांपर्यंत पोचणार नाहीत. हिसके देऊन पोचवू नका. जिथे ताण लागतो तिथे पाच श्वास थांबा. हिसका दिला की स्नायू बचाव म्हणून उलट आखडतो.

राजरत्न माणिकरावांची तालीम आणि माधवदासजींचा योग हे दोन्ही एकाच माणसात नांदले, आणि त्या माणसाने कधीच एकाला दुसऱ्याच्या खाली बसवले नाही. तुम्हीही बसवायचे कारण नाही.

खाण्यानंतर किती वेळाने? रविवारी सकाळी सेव-उसळ होते, मग अभ्यास बुडतो.
— एक वाचक, मांडवी

पोटभर जेवणानंतर चार तास, हलक्या खाण्यानंतर दीड-दोन तास, कपभर चहा किंवा दुधानंतर अर्धा तास. सेव-उसळ पावासकट हलक्यात बसत नाही. तिखट रस्सा आणि तळलेली शेव पोटात असताना पुढे झुकले की आंबट पाणी वर येते. रविवारी अभ्यास आधी करा, मग बाहेर पडा. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो, तेव्हा पहाटेच उरका, भस्त्रिका बंद ठेवा आणि कपालभाती निम्मी करा.

१९०८ साली बडोद्यात अरविंदबाबूंना ध्यान शिकवणारे विष्णु भास्कर लेले आणि कुवलयानंद एकाच परंपरेतले का?
— एक वाचक, सयाजीगंज

नाही. लेल्यांनी अरविंदांना मन निःशब्द करण्याची साधना दिली. तीत आसने, बंध, क्रिया यांचा भाग नव्हता. कुवलयानंदांची वाट माधवदासजींकडून आलेली, शरीर आणि प्राण यांच्यामधून मनाकडे जाणारी. दोघेही मराठी आणि गाठ एकाच शहराशी, इतकेच साम्य.

माझी नात १० वर्षांची आहे. ती माझे पाहून उड्डियान करते आणि तिला माझ्यापेक्षा चांगले जमते. करू द्यावे का?
— एक आजी, फतेगंज

आजी, तिला जमते कारण तिच्या बरगड्या लवचीक आहेत आणि पोटावर चरबी नाही. तरीही सध्या थांबवा. वाढत्या वयात बंध, नौली आणि कुंभक यांची गरज नसते, आणि किती वेळ धरायचे याचा अंदाज मुलांना नसतो. ती पैज म्हणून धरून ठेवतात. रागावून थांबवू नका, बदल्यात दुसरे काही द्या: भुजंगासन, धनुरासन, ताडासन, वृक्षासन, सूर्यनमस्कार आणि हात वर घेऊन साधा दीर्घ श्वास. वृक्षासनात एका पायावर डोळे मिटून किती वेळ उभे राहता येते ते तिला मोजायला लावा. पैज हवी असेल, तर ती या आसनाची लावा. शेजारी भिंत असू द्या, आणि तुम्ही स्वतः करताना मात्र एक हात भिंतीवर टेकलेलाच ठेवा.